ऊन पाण्याची वर्दी

पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस कर्लीची खाडी यांनी आपापसांत वाटणी करून उरलेली वाळूची जी चिंचोळी पट्टी देवबागेस गावठाण म्हणून बहाल केली, तिच्यावर वल्हे, शीड आणि रापणीचे दोर यांच्या भरवशावर पिढ्यान्‌पिढ्या संसार चालविणाऱ्या दर्यावर्दी मंडळींना चुलीखेरीज दुसऱ्या कशाच्या तापण्याची चिंता करण्याचे कारण नव्हते. शिडाला ताप चढत नाही. मालवण बंदरात आगबोट लागे, परंतु तिच्या बाष्पकाची काळजी तिच्यावरील खलाशांनी करावयाची होती.

होडीच्या मागील फळीवर इंजिन येऊन बसले आणि ही बेफिकिरी संपली. जपानच्या यामाहा कंपनीने या जातीचे आपले पहिले यंत्र १९६० साली काढले. त्याच्या वंशातील यंत्रे आज कर्लीच्या मुखाशी सर्रास दिसतात. खाडीचे खारे पाणी एका लहानशा रबरी पंख्याने वर ओढावे, सिलिंडरभोवती फिरवावे आणि पुन्हा खाडीत सोडून द्यावे, असा यांचा सरळ कारभार; त्यातील एक बारीक धार मात्र मुद्दाम लोकांच्या नजरेसमोर बाहेर सोडलेली असते. होडी सुरू करताच तांडेल पुढे पाहण्याआधी मागे वळून ही धार पाहतो, आणि जेथे वाळूचे दांडे दर पावसाळ्यानंतर जागा बदलतात अशा संगमावर वाळू आत शिरून पंख्याची पाती झिजली, की धार क्षीण झाल्याचे त्याला तात्काळ कळते. येथे मध्यस्थ कोणी नाही. पाणी स्वतःच आपली जबानी देते.

जमिनीवरील मोटारीत हे सुख नाही, कारण तिचे पाणी बंदिस्त फिरते. बॉइस नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९१२ च्या सुमारास रेडिएटरच्या झाकणावरच तापमापक बसविला, तो पाण्याची नव्हे तर पाण्यावरील वाफेची उष्णता दाखवी; आणि हाकणारा आपल्या जागेवरून काचेपलीकडे तो वाचीत असे. आजच्या सेन्सरचे मूळ याहूनही जुने आहे. तापलेला धातू विजेला अधिक विरोध करतो, परंतु सिल्व्हर सल्फाइड नेमके उलट वागते, हे फॅरेडेने १८३३ मध्ये नोंदविले होते. हाच उलटा स्वभाव असलेला खडा आता इंजिनाच्या पाण्यात बुडवून ठेवतात: पुष्कळ गाड्यांत वीस अंशांवर त्याचा रोध सुमारे अडीच हजार ओहम, तर ऐंशीवर जेमतेम सव्वातीनशे.

धुरावर मर्यादा घालणाऱ्या भारत स्टेज ६ या नियमांचा अंमल १ एप्रिल २०२० पासून सुरू झाला; गाडीतील संगणक तर इंधनाचे फर्मान या सेन्सररूपी हरकाऱ्याची वर्दी पाहूनच काढतो. देवबागेच्या खाऱ्या हवेत त्याच्या पिना हिरव्या पडतात, वायर तुटते, आणि उणे चाळीस अंशांची वर्दी जाते. भर वैशाखात कोकणच्या किनाऱ्यावर हिमालयाची थंडी पडल्याचे मानून बिचारा संगणक कधी कधी पेट्रोल ओतीत राहतो. धूर काळा होतो, खर्च वाढतो.

अशा वेळी सेन्सरच फेकून देण्याची जी घाई होते, ती मला न्यायास धरून वाटत नाही. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत पहाटे पाण्याच्या आणि आत येणाऱ्या हवेच्या तापमानाचा आकडा जवळजवळ एकच असावयास पाहिजे. नसेल तरच संशय घ्यावा. मग सेन्सरचा प्लग काढावा. आकडा उणे चाळीसवर गेला, आणि प्लगच्या दोन्ही पिना तारेने जोडताच तो टोकाच्या उष्णतेकडे उसळला, तर वायरिंग निर्दोष ठरते आणि हरकाऱ्याची चौकशी सुरू करण्यास हरकत नाही. तो सोडवून, ऊन पाण्याच्या भांड्यात तापमापकाशेजारी बुडवून, त्याचे ओहम मोजावे. पाण्याची वाट उघडणारा-मिटणारा थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल, तर इंजिन खरोखरच थंड असते आणि हरकारा प्रामाणिक ठरतो. आणखी एक शक्यता बॉइसच्या वाफेची आठवण करून देते: पाणीच कमी असेल, तर सेन्सर कोरडा राहून इंजिन जळत असतानाही कमी आकडा सांगतो. तो खोटे बोलत नाही. तो घटनास्थळी हजरच नव्हता. म्हणून जाणता मिस्त्री मीटर बाहेर काढण्यापूर्वी, इंजिन पुरते निवल्यावर, टाकीचे झाकण उघडून आत पाणी आहे की नाही हे पाहून घेतो.