सोनेरी चौकटीमागचे हात

आरशात कोण पाहत होते, हे इतिहास लिहून ठेवतो. आरसा कोणी घडवला, हे बहुधा लिहीत नाही. आपण मुस्लिम कारागिरांचे वारसदार म्हणवतो, म्हणून या उणिवेचा विचार आपण आधी केला पाहिजे.

पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या लोणी काळभोरजवळ थेऊर आहे. तिथे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थोरले माधवराव पेशवे वारले. पेशव्यांच्या शनिवारवाड्यात आरसे महाल होता. १८२८ च्या आगीत वाडा जळाला. आज तिथे तटबंदी, दरवाजे आणि जोती उरली आहेत.

माधवरावांच्याच काळात इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये हेअरवुड हाउस ही उमरावाची हवेली उभी राहत होती. १७५९ साली सुरू झालेले बांधकाम १७७१ मध्ये पुरे झाले. तिचे सोनेरी आरसे लंडनच्या थॉमस चिपेंडेल याच्या कारखान्यातले. हवेली आजही उभी आहे, आरसेही आहेत. मात्र ती बांधणाऱ्या लॅसेल्स घराण्याची दौलत वेस्ट इंडिजमधील उसाच्या मळ्यांतून आणि गुलामांच्या घामातून आली होती. चौकटीवरच्या सोन्यात हेही मिसळलेले आहे.

असा आरसा घडे कसा? लाकडी नक्षीवर खडू आणि सरसाचे थर देत. त्यावर तांबडी माती, मग सोन्याचा वर्ख. तो अकीकसारख्या गुळगुळीत दगडाने घोटला की झळाळी येई. काचेमागे कथलाचा पातळ पत्रा आणि पारा असे. वजनाखाली दाबून ठेवलेल्या काचेतून जादा पारा निथळायला कित्येक दिवस लागत. पाऱ्याच्या वाफांनी कारागिरांचे हात थरथरत, दात पडत. १८३५ साली लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काचेवर चांदी चढवण्याची रीत शोधली. पुढे ती रूढ झाली आणि हळूहळू पारा मागे पडला.

यातले शब्द आपल्या घरातलेच आहेत. वर्ख हा अरबी 'वरक', आईना फारसी. कल्हई अरबी 'कलई'वरून आली, आणि त्या शब्दाचा अर्थच कथील. जे कथील इंग्रज उमरावाच्या आरशामागे होते, तेच आपल्या गावोगावच्या कल्हईवाल्यांनी नवसागर लावून तांब्या-पितळेच्या भांड्यांना चढवले. वर्ख कुटणारे हातही आपल्याकडे होते. स्टील-ॲल्युमिनियम आले आणि कल्हईच्या भट्ट्या विझत गेल्या.

आपल्या इतिहासात सुलतान आहेत, नवाब आहेत, सरदार आहेत. कल्हईगर कुठे आहेत? आम्हाला वाटते, दरबारांच्या आठवणी काढून समाजाला स्वतःची ओळख पटणार नाही. ज्यांच्या घरात असा हुन्नर होता, त्यांनी आजोबांचे नाव, गाव, हत्यारे आणि मजुरी एका वहीत लिहून काढावी. हे काम सांगणारी माणसे हयात आहेत तोवरच होईल. 'वरक' म्हणजे पानही; ते कोरे राहू नये.