पहिल्या दिवसाची बातमी

बखर मोठी की पत्र मोठे, हा प्रश्न आम्हा इतिहासाच्या शिक्षकांना फार आवडीचा! सभासदाची बखर महाराजांच्या निधनानंतर पंधरा-सतरा वर्षांनी जिंजीला लिहिली गेली, तर चिटणीसांची बखर जवळजवळ सव्वाशे वर्षांनी. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे धुंडाळली ती याचसाठी, की घटनेच्या वेळचा अस्सल कागद हाती यावा आणि बखरीतली भर त्यावर घासून पाहता यावी. जितका कागद घटनेच्या जवळचा, तितका तो विश्वासाचा, असे मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवत असे. त्यात खोटे काही नाही.

पण बॉम्बस्फोटाची बातमी घ्या. ती घटनेच्या अगदी जवळची, अक्षरशः दहा मिनिटांनंतरची. आणि तरी तिच्यातले किती पुढे टिकते? माझी नात मोबाईलवर अशी बातमी दाखवते आणि विचारते, "आजी, हे खरं मानायचं का?" तिला एका वाक्यात उत्तर देता येत नाही. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते आहे. उदाहरण स्पेनचे घेते, कारण त्या प्रकरणाचा निकाल लागून बरीच वर्षे झाली आहेत आणि आपले कोणाचेच मन त्यात गुंतलेले नाही. शांत डोक्याने पाहता येते.

११ मार्च २००४, गुरुवार. सकाळी पावणेआठच्या आधी माद्रिद शहरात आतोचा स्थानकाकडे येणाऱ्या चार लोकल गाड्यांत तीन-चार मिनिटांच्या आत दहा स्फोट झाले. कामावर निघालेली साधी माणसे, विद्यार्थी, परदेशातून पोट भरायला आलेले मजूर, असे सगळे त्यात होते. न्यायालयाच्या निकालात मृतांचा आकडा १९१ आहे. तीनच दिवसांवर, १४ मार्चला, देशाची सार्वत्रिक निवडणूक होती.

पहिला संशय गेला 'एटा' या बास्क फुटीरतावादी संघटनेवर. संशय येणे अगदी स्वाभाविक होते, हे आधी सांगायला हवे. एटाने काही दशकांत आठशेहून अधिक माणसे मारली होती. आदल्याच महिन्याच्या शेवटी माद्रिदकडे निघालेली तिची अर्ध्या टन स्फोटकांची गाडी पोलिसांनी पकडली होती. तेव्हा "एटाचे काम असावे" असे म्हणणे चूक नव्हते. पण दुपार व्हायच्या आत त्या "असावे"चे "आहे" झाले! गृहमंत्री आसेबेस यांनी एटाचेच नाव घेतले. पंतप्रधान आस्नार यांनी मोठ्या वृत्तपत्रांच्या संपादकांना स्वतः फोन केले. 'एल पाईस' हे तिथले मातब्बर दैनिक सरकारच्या बाजूचे मुळीच नव्हे. त्यांच्या जादा अंकाचा मथळा आधी नुसता दहशतवादी हत्याकांड असा होता. पंतप्रधानांच्या फोननंतर त्यात एटाचे नाव घातले गेले. त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १५३० एकमताने संमत केला. त्यातही एटाचे नाव घालून निषेध केलेला आहे.

म्हणजे पाहा, एक मंत्री, एक पंतप्रधान, देशातले नामांकित दैनिक आणि जगातले पंधरा देश, एवढे साक्षीदार! सामान्य वाचकाने आणखी काय मागायचे? पण हे साक्षीदार मोजताना एक गोम आहे. त्यांच्यापैकी स्वतंत्र असा कोणीच नव्हता. सगळ्यांची माहिती एकाच विहिरीतून आलेली होती. आम्ही हस्तलिखितांच्या बाबतीत हेच शिकतो. एका पोथीच्या दहा नकला सापडल्या तरी पुरावा एकच, दहा नव्हेत. आज एकच बातमी पन्नास ठिकाणी दिसते तेव्हा आपल्याला वाटते, 'सगळेच म्हणताहेत ना!' सगळे म्हणत नसतात. एक जण म्हणतो आणि बाकीचे उतरवून घेतात.

त्याच दिवशी अल्काला दे एनारेस या गावी रेल्वे स्थानकाजवळ एक गाडी सापडली. तिच्यात डिटोनेटर होते आणि कुराणातील आयतांची ध्वनिफीतही होती. संध्याकाळी लंडनच्या एका अरबी वृत्तपत्राकडे अल् कायदाशी नाते सांगणाऱ्या एका गटाचे पत्र आले की स्फोट आम्ही केले. झाले, लोक तिकडे वळले. पण हाही कागद पारखून घ्यायचा! २००३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत आणि कॅनडात प्रचंड प्रमाणावर वीज गेली होती. ती आम्हीच घालवली, असेही याच नावाने सांगितले गेले होते. ती वीज गेली होती तारांच्या आणि यंत्रणेच्या बिघाडाने. म्हणजे सरकार सांगते म्हणून खरे नाही, तसेच "जबाबदारी स्वीकारली" म्हणूनही ते खरे नाही. जबाबदारी स्वीकारणाऱ्यालाही नाव मोठे करायचे असते.

१२ मार्चला स्पेनभर लाखो लोक पावसात रस्त्यावर उतरले. दुःख होतेच, पण "कोणी केले?" हा सवालही ते विचारत होते. १३ तारखेला पोलिसांनी पाच जणांना पकडले, तीन मोरोक्कोचे आणि दोन भारतीय. न फुटलेल्या एका बॉम्बमधल्या मोबाईलच्या कार्डावरून माग काढत पोलीस त्यांच्यापर्यंत पोहोचले होते. १४ तारखेला मतदान झाले, आस्नार यांच्या पक्षाचा पराभव झाला आणि समाजवादी पक्षाचे झापातेरो पंतप्रधान झाले. सरकारने जे घाईघाईने ठामपणे सांगितले, त्यावर चिडून अनेकांनी मत दिले असे मानले जाते. ३१ ऑक्टोबर २००७ रोजी निकाल लागला. २८ आरोपींपैकी २१ दोषी ठरले. स्फोटांमागे जिहादी गट होता आणि एटाचा संबंध न्यायालयाला आढळला नाही. ते दोन भारतीय? त्यांच्यावर खटला उभाच राहिला नाही. पण त्या दिवशी त्यांची अटक जगभर छापून आली होती. त्यांच्या नावावर दोष नव्हता, हे किती ठिकाणी छापून आले असेल?

याच प्रकरणाची आणखी एक शाखा अमेरिकेत गेली. पिशवीवरच्या एका बोटाच्या ठशावरून अमेरिकेच्या एफबीआयने ओरेगन राज्यातला एक वकील मे २००४ मध्ये पकडला. तो धर्मांतर करून मुसलमान झालेला. ठसा त्याचाच आहे याविषयी तपास यंत्रणेला शंका नव्हती. स्पेनच्या पोलिसांना मात्र तो ठसा जुळत नव्हता आणि त्यांनी तसे एप्रिलमध्येच कळवले होते. पुढे तो ठसा एका अल्जीरियन माणसाचा निघाला. दोन आठवड्यांनी वकील सुटला. २००६ मध्ये अमेरिकन सरकारने त्याची माफी मागितली आणि वीस लाख डॉलर भरपाई दिली. बोटांचे ठसे म्हणजे विज्ञान, त्यावर काय शंका घ्यायची, असे आपण म्हणतो. पण ठसा पाहणारा डोळा माणसाचाच असतो हो!

आकड्यांचेही तसेच. माद्रिदमध्ये पहिल्या काही दिवसांत मृतांचा आकडा दोनशेच्या वर गेला आणि नंतर तो १९० वर *खाली* आला. कोणी लपवाछपवी केली नव्हती. छिन्नविच्छिन्न देहांची ओळख पटवता पटवता मोजणी सुधारली, एवढेच. बदललेला आकडा दिसला की लगेच कारस्थानाचा वास घेऊ नये. न बदलणारा आकडा पाहून मला उलट जास्त शंका येते.

आता थोडे घरच्याबद्दल. ११ जुलै २००६ ला संध्याकाळी मुंबईत पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, अवघ्या अकरा मिनिटांत. १८० हून अधिक माणसे गेली. आमचा एक पुतण्या त्याच मार्गावर रोज ये-जा करी. फोन लागत नव्हते. तो रात्री साडेअकराला चालत घरी पोहोचला, तोवर आमच्या घरात कोणी पाणीसुद्धा प्यायले नव्हते. अशा रात्री माणूस बातमी वाचत नाही, तो आधार शोधतो. जो कोणी ठामपणे एखादे नाव घेईल, तो आपल्याला खरा वाटतो. खोट्या बातमीचे बळ आपल्या त्या अवस्थेत असते, हे विसरून चालणार नाही. पुढे अटका झाल्या, 'सूत्रधार' असे ठळक मथळे आले. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवले, त्यातल्या पाच जणांना फाशी सुनावली. आणि २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सर्वांची निर्दोष मुक्तता केली. अभियोग पक्ष गुन्हा सिद्ध करण्यात पूर्णपणे अपयशी ठरला, असे निकालात म्हटले आहे. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. एकोणीस वर्षांनीही ज्यांची माणसे गेली त्यांना "कोणी केले?" याचे पक्के उत्तर नाही. मग पहिल्या आठवड्यातल्या त्या ठाम मथळ्यांचे काय करायचे?

मला वाटते, ते फेकू नयेत. ते जपावेत, पण योग्य कप्प्यात. पहिल्या दिवसाची बातमी 'काय घडले' याचा कच्चा पुरावा असते. 'त्या दिवशी लोकांना काय सांगितले गेले' याचा मात्र ती पक्का पुरावा असते. एल पाईसचा तो जादा अंक आजही ग्रंथालयात आहे, चुकीच्या मथळ्यासकट. सुरक्षा परिषदेचा ठरावही अजून तसाच आहे. इंटरनेटवरच्या बातमीची खरी अडचण इथे आहे. सकाळचा मथळा दुपारी गुपचूप बदलतो आणि सकाळी काय लिहिले होते याचा मागमूस राहत नाही. शाईने लिहिलेली चूक खोडली तरी खोडल्याची खूण राहते. इथे तीही नाही. म्हणून माझा पहिला निकष असा: बातमी बदलली तेव्हा 'आधी असे लिहिले होते, ते चुकीचे होते' असे जिथे स्पष्ट लिहिले जाते, ते ठिकाण विश्वासाचे. जे कधीच चुकत नाहीत असे दिसतात, त्यांच्यापासून चार हात दूर!

चूक उघडपणे दुरुस्त करण्याची किंमत काय असते, हे आपल्या पुण्याला ठाऊक आहे. १८९७ मध्ये प्लेगच्या काळात गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला विलायतेत गेले होते. पुण्यातल्या मित्रांच्या पत्रांवर विसंबून त्यांनी गोऱ्या सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप 'मँचेस्टर गार्डियन'मध्ये केला. तिकडे २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, मुंबईची काही इंग्रजी पत्रे पुण्याच्या ब्राह्मणांच्या कटाकडे आणि 'केसरी'कडे बोट दाखवत होती, आणि लवकरच टिळकांवर राजद्रोहाचा खटला उभा राहिला. अशा तापलेल्या वेळी गोखले परत आले. पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणी पुराव्यानिशी पुढे येईना. गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. त्यावरून पुण्यात त्यांची फार नाचक्की झाली. सोजिरांच्या वागण्याबद्दल लोकांच्या तक्रारी होत्या, आणि त्या सगळ्याच खोट्या होत्या असे कोणी म्हणणार नाही. पण जे सिद्ध करता येत नाही ते मागे घ्यायचे, एवढे त्यांनी पाळले.

आता निःपक्षपातीपणाबद्दल. आपला शब्द आहे 'तटस्थ', म्हणजे काठावर उभा असलेला. पुष्कळांना वाटते की दोन्ही बाजूंना सारखी जागा दिली की झाले तटस्थ. तसे नाही. निकालानंतरही स्पेनमध्ये 'एल मुंदो'सारख्या पत्रातून एटाच्या संबंधाच्या शंका पुढे येत राहिल्या. तिथे दोन्हींना अर्धा-अर्धा रकाना देणे हा न्याय नव्हे. एका बाजूला पुरावा होता, दुसरीकडे नुसती शंका. शब्दांच्या बाबतीत रॉयटर्स वृत्तसंस्थेने २००१ मध्ये 'दहशतवादी' हा शब्द स्वतःच्या तोंडी न वापरण्याचे धोरण धरले, तेव्हा फार टीका झाली. रँडला मारणाऱ्या दामोदर चाफेकरांना सरकारने खुनी म्हणून फाशी दिले आणि आपण क्रांतिकारक म्हणून धडा शिकवला. तेव्हा या वादात मी घाईने निवाडा देणार नाही. पण एक साधी कसोटी सांगते. बातमीतली नावे मनातल्या मनात अदलाबदल करून पाहा. मारणारे आपल्या जातीधर्माचे आणि मरणारे दुसऱ्या असते, तर याच पत्राने हाच शब्द वापरला असता का? तेव्हाही 'माथेफिरू तरुण' न म्हणता 'दहशतवादी'च म्हटले असते का? आणि हीच कसोटी वाचणाऱ्या आपल्यालाही लावा. ती जास्त अवघड जाते!

असो. नातीला मी शेवटी एवढेच सांगितले: कोण सांगतो ते नाव शोध, 'सूत्रांकडून' म्हटले असेल तर थांब. त्याला ते कसे कळले ते पाहा. 'आहे' लिहिले आहे की 'असावे', ते पाहा. दोन दिवसांनी तीच बातमी पुन्हा उघड. आणि तोवर कोणाचे नाव, कोणाचा फोटो पुढे पाठवू नकोस, कारण तो माणूस कदाचित त्या दोन भारतीयांसारखा, नुसता मोबाईलच्या व्यवहारात सापडलेला असेल. तिने विचारले, "पण दोन दिवस काहीच न मानता कसं राहायचं?" जमते गं. सवयीने जमते.

तुम्ही मंडळी कसे ताडून पाहता, तेही जरूर कळवा.