साविन्यीचे डोळे

नेपोलियनच्या इजिप्त स्वारीबद्दल आपल्याकडे दोनच प्रकारे बोललं जातं. कुणी म्हणतं, फ्रेंचांनी पूर्वेला विज्ञान दिलं. कुणी म्हणतं, ती निव्वळ लूट होती. मीही बरीच वर्षं दुसऱ्या बाजूला होतो. पण एका समुद्री किड्याची गोष्ट वाचली आणि माझं मत तेवढं सरळ राहिलं नाही.

जुलै १७९८मध्ये फ्रेंच फौज इजिप्तला उतरली. सोबत दीडशेहून अधिक अभ्यासक होते. त्यांत २१ वर्षांचा जूल सेझार साविन्यी होता. तो शिकला होता वनस्पतिशास्त्र, पण वाट्याला आले बिनकण्याचे प्राणी. लाल समुद्राच्या किनाऱ्यावरून त्याने जे जीव जमवले, त्यांत पाठीवर खवले असलेले कृमीही होते.

१७५८मध्ये लिनियसने अशा कृमीला ‘अफ्रोडिटा’ नाव दिलं आणि गोगलगायींच्या गटात बसवलं. मऊ अंग, एवढंच साम्य! साविन्यीने मात्र एकेक अवयव तपासला. अंगावरची वलयं, बाजूचे पायासारखे अवयव, त्यांवरचे ताठ केस, बाहेर फेकता येणारा घसा आणि त्याच्या टोकाचे जबडे. पाठीवरच्या खवल्यांना शास्त्रात ‘एलिट्रा’ म्हणतात. हे खवले प्रत्येक वलयावर नसतात. दुसऱ्या, चौथ्या, पाचव्या, सातव्या वलयावर असतात, पुढे बहुधा एकाआड एक. काही जातींत खवल्यांच्या १२ जोड्या, काहींत १५ किंवा १८. लाल समुद्रात आणि हिंदी महासागरात सापडणाऱ्या इफिओनेच्या पाठीवर १३. आजही कुळं आणि जाती ठरवताना ही मोजणी उपयोगी पडते.

या कामाची किंमत साविन्यीने मोजली. १८१७पासून त्याचे डोळे बिघडत गेले. १८२४नंतर काम कायमचं थांबलं. त्याने काढून घेतलेल्या चित्रांची माहितीही दुसऱ्याला लिहावी लागली. १८५१मध्ये वारला, तोवरची वर्षं त्याने अंधारात काढली.

याच स्वारीचा दुसरा साक्षीदार म्हणजे कैरोचा इतिहासकार अल-जबर्ती. ऑक्टोबर १७९८च्या उठावानंतर फ्रेंच सैनिक घोड्यांसह अल-अझहर मशिदीत घुसले, हे त्याने संतापाने लिहून ठेवलं. आणि त्याच जबर्तीने फ्रेंचांच्या ग्रंथालयात जाऊन पुस्तकं पाहिली, रसायनांचे प्रयोग पाहिले आणि त्यांची मोकळेपणाने तारीफही लिहिली.

अल-अझहरचा अपमान साविन्यीच्या संशोधनाने धुऊन निघत नाही. आणि त्या अपमानामुळे किड्याच्या खवल्यांची मोजणी खोटीही ठरत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वहीत लिहिण्याची हिंमत जबर्तीकडे होती. सव्वादोनशे वर्षांनंतर इतिहासावर भांडताना आपल्याकडे ती किती उरली आहे?