‘सेकंड’ म्हणजे मागून येणारा

आमच्या श्रीपूरला लहानपणी घड्याळाची फारशी गरज पडत नसे. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली स्थापलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा साखर कारखाना गावातच. गाळपाच्या हंगामात भोंगा झाला, की ‘सेकंड पाळी’ची माणसं सायकलला डबा अडकवून निघत. माझ्या आजीला मात्र तो शब्द खटके. ‘‘सेकंड म्हंजे दुसरंच की!’’ ती म्हणे. आजीला बिजवराला दिलेली. ‘दुसरेपणाची’ हे तिनं जन्मभर ऐकलं होतं.

पुढे मला शब्दांची मुळं उकरायचा नाद लागला. ‘सेकंड’चं मूळ लॅटिन ‘सेकुंदुस’. अर्थ, मागून येणारा. त्यात कमीपणा नाही. उलट गलबताच्या मागून वाहणारा अनुकूल वारासुद्धा ‘सेकुंदुस’च! सभेत ठराव ‘सेकंड’ करणारा, म्हणजे आपला अनुमोदक, तोही याच कुळातला. घड्याळातल्या सेकंदाचं नातं जरा वेगळं. तासाचे साठ भाग ही पहिली बारीक वाटणी, ती मिनिटं. त्या प्रत्येकाचे पुन्हा साठ, ही दुसरी वाटणी, म्हणून सेकंद. आपल्याकडेही घटकेची साठ पळं आणि पळाची साठ विपळं होतीच.

हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमार्गे आला, सुमारे सातशे वर्षांपूर्वी. त्याआधी इंग्रज काय म्हणत? आजचा ‘अदर’ हाच तेव्हा ‘दुसरा’ होता. दिवसाआड या अर्थी ‘एव्हरी अदर डे’ म्हणतात, त्यात तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. म्हणजे इंग्रजीनं उसना शब्द आणून ओझं वाटून घेतलं. मराठीत मात्र क्रमानं दुसरा आणि परका दुसरा एकाच शब्दात नांदतात. ‘दुजाभाव’ उगाच का म्हणतो आपण?

पण मंडळी, संस्कृत ‘द्वितीय’ झिजत झिजत आपल्याकडे ‘बीज’ही झाला. बिजवरातली बीज तीच, आणि कार्तिक शुद्ध द्वितीयेच्या भाऊबिजेतलीही तीच. आजीला हे सांगितलं, तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली.

‘‘मग त्या बिजेला कोण नाक मुरडत न्हाई ते?’’ एवढंच म्हणाली आणि सूप पुढ्यात ओढून दळण निवडायला लागली.