ब्लू-रे प्लेअरचं मागचं दार

गेल्या शनिवारी मामाचा जुना ब्लू-रे प्लेअर माळ्यावरून खाली काढला. मामा अमेरिकेतून कायमचा परत आला तेव्हा सोबत आणलेला. 110 व्होल्टचा, त्यामुळे आधी ट्रान्सफॉर्मर शोधण्यात तासभर गेला. पण डिस्क टाकली आणि पिक्चर झकास सुरू झाला! मग रिमोटवरचं इंटरनेटचं बटण दाबलं. सर्व्हरशी संपर्क होत नाही म्हणे. संपलं.

मामा म्हणाला, "अरे, इंटरनेटवालाच हवा म्हणून तेव्हा जास्तीचे पैसे मोजले होते मी!"

तर हे इंटरनेट डिस्क प्लेअरमध्ये शिरलं कसं, त्याची गोष्ट मजेशीर आहे.

2006 मध्ये हाय डेफिनिशन डिस्कचे दोन प्रकार बाजारात आले. तोशिबाचा एचडी डीव्हीडी आणि सोनी वगैरे कंपन्यांचा ब्लू-रे. तोशिबाचा पहिला प्लेअर अमेरिकेत 499 डॉलरला होता, सॅमसंगचा पहिला ब्लू-रे प्लेअर तब्बल 1,000 ला! शिवाय एचडी डीव्हीडीच्या प्रत्येक प्लेअरला नेटवर्क पोर्ट पहिल्यापासून सक्तीचं. ब्लू-रेला तसं काही बंधन नव्हतं. तरी जिंकला ब्लू-रेच. जानेवारी 2008 मध्ये वॉर्नर ब्रदर्सने आपण फक्त ब्लू-रे काढणार असं जाहीर केलं आणि 19 फेब्रुवारीला तोशिबाने हात टेकले.

मग ब्लू-रेवाल्यांनीही इंटरनेट आणलं. नाव बीडी-लाइव्ह. प्लेअरला नेटवर्क पोर्ट आणि किमान 1 जीबी मेमरी हवी. डिस्कवरचे प्रोग्रॅम चक्क जावामध्ये लिहायचे (आपल्या लोकांना बरं वाटेल). कल्पना अशी की डिस्क विकत घ्या आणि वर नवे ट्रेलर, जादा क्लिप नेटवरून मिळवा. डिस्नेच्या 'स्लीपिंग ब्यूटी'च्या 2008 च्या डिस्कवर तर पिक्चर बघता बघता चॅट करायची सोय होती! म्हणजे इंटरनेट होतं ते डिस्कचा खप वाढवायला.

पण त्याच वर्षाच्या शेवटी एलजी आणि सॅमसंगने अमेरिकेत नेटफ्लिक्स दाखवणारे ब्लू-रे प्लेअर आणले. पुढे किमती भराभर उतरल्या. लोकांनी प्लेअर घेतला, केबल जोडली आणि डिस्क घालायचंच हळूहळू विसरले. डिस्कसाठी उघडलेल्या मागच्या दारातून डिस्कच बाहेर गेली. 2019 मध्ये सॅमसंगने अमेरिकेसाठी नवे प्लेअर काढणं थांबवलं. पोस्टाने डीव्हीडी पाठवून मोठं झालेल्या नेटफ्लिक्सनेही ती सेवा सप्टेंबर 2023 मध्ये बंद केली.

आणि तरीही मामाकडे आज चालतेय ती डिस्कच! तिला फक्त वीज लागते. जास्तीचे पैसे मोजून घेतलेला भाग मात्र दुसऱ्या कुणाच्या तरी सर्व्हरवर अवलंबून होता, आणि तो सर्व्हर कधी बंद झाला हे मामाला कुणी कळवलंही नाही.

असो. सोमवारी ऑफिसमध्ये एक जुनी सर्व्हिस बंद करायचं तिकीट माझ्याच नावावर आहे. लॉगमध्ये तिला अजून थोड्या रिक्वेस्ट येताना दिसतात. "किरकोळ ट्रॅफिक" असं मीच त्या तिकिटावर लिहून ठेवलंय. बंद करण्याआधी त्या रिक्वेस्ट कुणाच्या आहेत, ते एकदा बघणार आहे.