एक षटकार, 443 धावा

मंडळी, इथल्या गोल्फ क्लब मैदानावर सामने पाहिलेल्यांना विचारा, महाराष्ट्राचा घणाघाती फलंदाज कोण? ऋतुराज गायकवाड, म्हणतील. बरोबरच आहे. 2022 साली विजय हजारे करंडकात उत्तर प्रदेशविरुद्ध नाबाद 220, त्यात 16 षटकार. सात तर एकाच षटकात, एक नो-बॉलवरचा!

आता मागे चला. डिसेंबर 1948, पुणे, रणजी सामना. काठियावाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर नाबाद 443. चौकार 49. आणि षटकार? फक्त एक. चेंडू जमिनीलगत सीमापार धाडायचा, मला तर हीच खरी ताकद वाटते. संघ 4 बाद 826. ब्रॅडमनच्या नाबाद 452शी बरोबरीला नऊच धावा हव्या होत्या. तेवढ्यात काठियावाडने सामनाच सोडून दिला. आणि एवढं करून निंबाळकरांच्या नावावर अधिकृत कसोटी एकही नाही.