शब्दांध मुलांची कैफियत

इ. स. १८९६ त प्रिंगल मॉर्गन ह्या इंग्रज डॉक्टरानें १४ वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा हुशार, गणितांत चांगला, दृष्टिहि निर्दोष. परंतु ‘पर्सी’ हें स्वतःचें नांव लिहितांनाहि त्याचीं अक्षरें मागेंपुढें झालीं. हा आळस नव्हे, जन्मजात शब्दांधत्व होय, असा मॉर्गननें निर्णय दिला.

पुढें अमेरिकेंत डॉ. ऑर्टन, ॲना गिलिंगहॅम व बेसी स्टिलमन ह्यांनीं शिक्षणाची रीत बसविली: अक्षर पाहावें, त्याचा ध्वनि उच्चारावा, ऐकावा, हातानें गिरवावें, मग ध्वनि जोडून शब्द बनवावा.

गिरवणें आमच्या पंतोजींसहि ठाऊक होतें. पण चुकणाऱ्यास तेथें छडी मिळे. घरीं असें मूल असल्यास वडील मंडळींनीं रागावण्यापूर्वीं पर्सीस आठवावें, इतकीच आमची विनंति.